आमचं आडनाव गोंधळी

माझ्या धाकट्या भावानं स्वतःची पॅथॉलॉजी लॅब काढायचं ठरवलं आणि आमच्या घरात एका शब्दावरून बोलणं सुरू झालं. तो शब्द म्हणजे आमचंच आडनाव. गोंधळी.

भावानं बरीच वर्षं दुसऱ्यांच्या लॅबमध्ये काढली होती. शेवटी नागपूरच्या लकडगंजात धान्याच्या एका ठोक दुकानावरचा मजला त्याला भाड्यानं मिळाला. जिन्यात कायम बारदान्याचा आणि हळदीचा वास असायचा, पण जागा मोक्याची होती. रंग झाला, मशीनं आली, आणि तो बोर्ड सांगायला फ्लेक्सवाल्याकडे गेला. फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर 'डॉ. गोंधळी पॅथॉलॉजी लॅब' अशी अक्षरं टाकली, जरा मागे सरून बघितली आणि म्हणाला, "साहेब, एकदा विचार करून घ्या. रिपोर्टमंदीच गोंधळ हाये म्हणतीन लोक."

तो काही वाईट मनानं बोलला नव्हता. भावाचं गिऱ्हाईक तुटू नये एवढंच त्याला वाटत होतं. पण भाऊ बोर्ड न सांगताच परत आला.

त्या रविवारी मी आईबाबांकडे जेवायला गेले होते. आईनं गोळाभात केला होता. भावानं पहिला घास घ्यायच्या आधीच सांगून टाकलं.

"मी आडनाव बदलून राहिलो."

आई वाढता वाढता थांबली. मी बाबांकडे बघितलं. बाबा भूमापन कचेरीत कारकून होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झालीत. फार बोलायची त्यांची सवय नाही. त्यांनी भातावर तेल घालून घेतलं, कालवलं आणि म्हणाले, "बदल."

भाऊ भांडायच्या तयारीनं आला होता. त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. "म्हणजे तुमची हरकत नाही?"

"काहून राहीन? नाव तुझं, लॅब तुझी. पण त्याच्या आधी मले एक गोष्ट सांगा. हा शब्द आला कोठून, अन् त्याचा खरा अर्थ काय?"

"बाबा, अर्थ सगळ्यांले माहीत आहे. तोच तं त्रास आहे."

"काय माहीत आहे? देवीचा गोंधळ पहिले होता, का डोक्यातला गोंधळ पहिले होता? आपण लोकांच्या अंगणात गात होतो म्हणून गडबडीले गोंधळ म्हणू लागले, का गडबडीचंच नाव आपल्याले लावून दिलं? जन्मभर या नावानं सही केली मी. टाकायचं तं टाका. पण काय टाकून राहिलो ते समजू द्या." मग ते माझ्याकडे वळले. "तू दिवसभर पुस्तकांत राहते. तू पाह्य."

मी एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. पुस्तकांत राहते हे खरं, पण त्यांतली फार थोडी मी वाचलेली आहेत. तरी मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर हा प्रश्न मलाही लहानपणी पडला होता. तेव्हा तो मी कुणाला विचारला नाही आणि लग्नानंतर तो माझा राहिला नाही.

गोंधळी म्हणजे देवीचा गोंधळ घालणारे. कमरेला संबळ, हातात तुणतुणं आणि झांज, गळ्यात कवड्यांची माळ, एकाच्या हातात पेटती दिवटी. घरात लग्न झालं, बाळ झालं, नवस फिटला की त्यांना बोलावणं जायचं. अंगणात चौक मांडून ते देवीला हाक मारायचे, मग कथा लावायचे, मधूनमधून नकला करायचे आणि सकाळी पुढच्या गावाला निघायचे. शेकडो वर्षं असे लोक मराठी मुलखात फिरत राहिले. माझे आजोबा त्यांतलेच. भिवापूर आणि आसपासची गावं त्यांच्या वाट्याला होती. पावसाळा सोडला तर ते फारसे घरी नसत. बाबा मॅट्रिक झाले, नागपूरला नोकरीला लागले आणि आमच्या घरातलं फिरणं थांबलं. वाद्यं भिवापूरला बाबांच्या चुलतभावाकडे राहिली. बाबांनी आमच्यापासून काही लपवलं नाही, पण आणून दाखवलंही काही नाही. आम्हा भावंडांसाठी ते फक्त एक आडनाव होतं.

आणि ते आडनाव शाळेत फार वाजायचं. वर्गात आवाज वाढला की मास्तर पहिले माझ्याकडे बघायचे. "काय गोंधळी, तुम्हीच सुरू केला का?" सगळा वर्ग हसायचा, मीही हसायची. कॉलेजात एक मुलगा मला नेहमी विचारायचा की तुमच्या घरी एकमेकांचं ऐकू येतं का. यात कुणी माझं काही वाकडं केलं नाही. फक्त नाव सांगितल्यावर समोरचा अर्धा क्षण थांबायचा आणि त्याच्या तोंडाचा कोपरा हलायचा. त्या अर्ध्या क्षणाची मला सवय झाली होती. लग्न झालं, सासरचं साधं आडनाव लागलं, आणि पहिल्यांदा बँकेत ते सांगितलं तेव्हा समोरची बाई थांबली नाही. तिनं लिहून घेतलं आणि पुढचं विचारलं. मला फार हलकं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात मी कोशांच्या कपाटापुढे खुर्ची ओढली. पहिल्या कोशात शब्द लगेच सापडला. पहिला अर्थ देवीप्रीत्यर्थ होणारा विधी. दुसरा अर्थ गडबड, घोटाळा, मनाची चलबिचल. पण अर्थांच्या क्रमावरून वय कळत नाही. दुसऱ्या कोशात व्युत्पत्तीच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह होतं. तिसऱ्यानं एका संस्कृत शब्दाकडे बोट दाखवलं होतं आणि पुढे 'असावा' असं लिहून सोडून दिलं होतं.

मला संस्कृत येत नाही. पण आमच्या वाचनालयात रोज दुपारी एक निवृत्त शिक्षिका येतात. आयुष्यभर त्यांनी संस्कृत शिकवलं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्या वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवतात. सगळे त्यांना बाई म्हणतात, म्हणून मीही म्हणते. मी त्यांना विचारलं.

"हे कशाला हवंय तुम्हाला?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"माझं माहेरचं आडनाव आहे."

त्या हसल्या नाहीत, थांबल्याही नाहीत. "बघते," म्हणाल्या, "माझ्याकडे जुन्या संगीतग्रंथांच्या काही प्रती आहेत. थोडे दिवस द्या."

ते थोडे दिवस मी त्या शब्दाचाच विचार करत होते. पुस्तकं लावताना, सभासदांची नावं लिहिताना तो मनात असायचा. आणि मग एक गोष्ट लक्षात आली. ती इतकी समोर होती की मला आजवर का दिसली नाही कोण जाणे. आपल्या भाषेत गात-वाजवत दारी येणाऱ्यांचे जवळजवळ सगळे शब्द रागावण्याच्या कामाला लागले आहेत. कुणी आरडाओरडा केला की आपण म्हणतो तमाशा केला. कुणी खोटं वागलं की सोंग करतो. पुढेपुढे करणाऱ्याला भाट म्हणतो. आणि सगळं विस्कटलं की गोंधळ घातला. ज्यांना आपण बोलावून आणलं, ओट्यावर बसवलं, ज्यांच्या कथा ऐकल्या, ते गेल्यावर त्यांच्या कामाच्या नावानं आपण पोरांना दटावलं. एका गावात घर बांधून राहणाऱ्याला फिरणाऱ्याबद्दल थोडा संशय असतोच. तो संशय बहुतेक असा शब्दांत उतरला असेल.

मी हे बाईंना बोलून दाखवलं, बाबांचा प्रश्नही सांगितला. त्या म्हणाल्या, "भाट शब्द तर भट्टावरून आलाय. भट्ट म्हणजे विद्वान. बघा, कुठून कुठे आला. पण सगळ्यांच्या बाबतीत राग धरू नका. शब्द वापरून वापरून झिजतात, त्यात कुणाचा कट नसतो." मला हे पूर्ण पटलं नाही आणि मी तसं सांगितलं. त्यांनाही ते चाललं.

मग त्यांनी जे सापडलं ते सांगितलं. जुन्या संस्कृत संगीतग्रंथांत गौंडली किंवा गोंडली नावाच्या नृत्याचा उल्लेख येतो. एका ग्रंथकाराचं म्हणणं असं की कानडी मुलखातल्या एका राजानं उत्सवात रानातल्या बाईच्या वेषात नाचणारी नर्तकी बघितली. त्याला तो नाच इतका आवडला की त्यानं तो दरबारात बसवून घेतला. महाराष्ट्रात अशा रानातल्या बाईला गोंडिणी म्हणत, म्हणून नाचाचं नाव गोंडली.

"गोंडिणी म्हणजे गोंड बाई?" मी विचारलं.

"तसं म्हणता येईल. म्हणजे त्या ग्रंथकाराला तसं वाटत होतं. त्या नाचावरून गोंधळ शब्द आला असं काही अभ्यासक म्हणतात. काही म्हणतात नाही. कानडीत गोंदल म्हणजे गर्दी, गडबड. तो शब्द आधीचा असेल तर तुमच्या वडिलांचा प्रश्न परत तिथेच येतो."

"म्हणजे नक्की कुणालाच माहीत नाही."

"नक्की नाही," बाई म्हणाल्या. "पण माझं मत विचाराल तर नाच आधीचा. गडबड हा अर्थ नंतर चिकटला. हे माझं मत आहे, पुरावा नाही."

संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं.  गोंड बाईचं ऐकल्यावर त्यांचा चेहरा उजळला. नागपूरच मुळात गोंड राजाचं गाव. "म्हणजे आपलं नाव इकडचंच असन," ते म्हणाले. "मले वाटायचं तिकडून कोठून तुळजापुराकडून आलं असन." मग म्हणाले, "पण हे त्याले सांगू. भिवापूरवाल्याले. तो अजून घालते. त्याले काय वाटते ते पाहू."

भिवापूरच्या काकांना फोन केला. ते म्हणाले येत्या रविवारी एका ओळखीच्या घरी लग्नानंतरचा गोंधळ आहे, तुम्ही सगळेच या. भावानं गाडी काढली. त्याला यायचंच नव्हतं असं मला वाटत होतं, पण बाबांना एवढ्या लांब दुसऱ्या कुणाच्या भरवशावर पाठवायला तो तयार नव्हता.

उमरेड सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिरच्या वाळत घातलेल्या दिसू लागल्या. आईनं पदर नाकाला लावला. भावानं काचा वर केल्या तरी आम्ही सगळे शिंकत होतो. बाबा तेवढे शिंकले नाहीत. ते बाहेर बघून एकेका गावाचं नाव घेत होते. या गावात कुणाचा वाडा होता, त्या गावात विहिरीजवळ मुक्काम असायचा. आजोबांबरोबर ते लहानपणी इथून चालले होते, हे मला माहीत होतं. पण गावांची नावं त्यांना अशी ओळीनं येतात हे माहीत नव्हतं.

गोंधळ एका मंगल कार्यालयात होता आणि भर दुपारी होता. कार्यालय संध्याकाळी दुसऱ्याला दिलं होतं, आणि एरवीही रात्रीचं जागरण वगैरे आता होत नाही असं काकांनी सांगितलं. त्यांनी पँटीवरच लांब झगा घातला होता, गळ्यात कवड्यांच्या माळा होत्या आणि कानाजवळ छोटा माईक. संबळ त्यांच्या मुलाच्या कमरेला. फरशीवर पाट मांडून त्यावर तांदळाचा चौक, कलश, नारळ. दिवटी पेटवली तसा कार्यालयाचा मॅनेजर धावत आला आणि तेल सांडू नये म्हणून खाली स्टीलचं ताट धरायला सांगून गेला. यजमानांच्या घरातला एक जावई मग शेवटपर्यंत ते ताट धरून उभा होता.

काकांनी हाक घालायला सुरुवात केली. आधी गणपती, मग माहूरची देवी, तुळजापूरची देवी, कोल्हापूरची. हे मी कुठे कुठे ऐकलं होतं. पण काका तिथे थांबले नाहीत. यजमानांच्या गावचा मारुती, शेताच्या धुऱ्यावरची, बांधावरची देवी, विहिरीवरच्या साती आसरा, नवरीच्या माहेरचं दैवत, घरातली गेलेली माणसं. एकेकाचं नाव आणि ठिकाण घेऊन, गोंधळाला या. मग आम्हाला बघून त्यांनी नागपूरच्या देवीलाही बोलावलं. शेवटी कुणाचं नाव राहून गेलं असेल तर त्यांनीही राग न धरता यावं, असं म्हणून हात जोडले.

आई माझ्या कानाशी आली. "एवढे सगळे एकाच वेळी आले तं गोंधळ होईनच नं वं."

मला हसू आलं. मग मी त्याच वाक्याचा विचार करत बसले. कथा सुरू झाली तरी माझं लक्ष तिथेच होतं. बाबा कोणता अर्थ आधीचा हे विचारत होते. इथे बसून बघताना ते दोन वेगळे अर्थ आहेत असंच मला वाटेना. ज्याला ज्याला मान द्यायचा त्याला बोलवायचं, कुणाला बाहेर ठेवायचं नाही, आणि मग एका अंगणात सगळ्यांची दाटी होऊ द्यायची. आत बसलेल्याला तो सोहळा वाटेल. रस्त्यावरून जाणाऱ्याला नुसता कल्ला ऐकू येईल. कदाचित शब्द एकच होता आणि ऐकणारे दोन ठिकाणी उभे होते. हे मी कोणत्याही कोशात वाचलेलं नाही, आणि ते बरोबर आहे असा माझा दावाही नाही.

जेवणं झाल्यावर काका आमच्याजवळ येऊन बसले. झगा काढला होता, बनियन घामानं भिजली होती. बाबा त्यांच्याहून मोठे, म्हणून ते त्यांना दादा म्हणतात. बाबांनी विचारलं, "आपल्या नावाचा अर्थ काय गा? तुले कोणी सांगितला?"

"अर्थ मी तं कधी विचारला नाही, दादा. बोलावते तिथं जातो." पण मग त्यांनी आपल्या वडिलांकडून ऐकलेली कथा सांगितली. परशुरामानं बेटासुर नावाच्या दैत्याला मारलं, त्याच्या मुंडक्याला त्याच्याच शिरेची तार ओवली, ती छेडत तो आईपुढे, रेणुकेपुढे गेला आणि तिला वंदन केलं. ते पहिलं तुणतुणं. तेव्हापासून आपण देवीचे गोंधळी.

मग मी त्यांना बाईंनी सांगितलेलं सांगितलं. राजा, उत्सव, रानातल्या बाईच्या वेषातली नर्तकी. काकांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"म्हणजे नाचणाऱ्या बाईपासून निघालो आपण?"

"शब्द निघाला, काका. तेही असं काही लोक म्हणतात."

"हे काही मले जमत नाही," ते म्हणाले. "परशुराम आहे नं आपला. मंग हे काहून पाहिजे?"

बाबा म्हणाले, "मले तं आवडली ते बाई."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि दोघंही हसले. काकांनी मागे ठेवलेलं तुणतुणं उचललं आणि बाबांच्या मांडीवर ठेवलं. "धर. पाह्य येते का अजून."

बाबांनी ते काखेत घेतलं. खुंटी पिळून तार चढवली, कान जवळ नेला, पुन्हा थोडी उतरवली. मग एका सुरावर छेडत राहिले. त्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं. तुणतुण्यात नसतंच. एक तार आणि एक सूर. पण त्यांची मान ज्या लयीत हलत होती ती मी आधी कधी पाहिली नव्हती. काकांच्या मुलानं संबळावर अगदी हळू ठेका धरला. माझा भाऊ खुर्ची सरकवून जवळ आला.

"तुम्हाले येते हे?"

"येत होतं," बाबा म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी तुणतुणं परत दिलं आणि बोट चोळत बसले. सवय नसलेल्या बोटाला तार लागली होती.

संध्याकाळी परत निघालो. उमरेडजवळ चहाला थांबलो तेव्हा भावानंच विषय काढला. मला वाटलं होतं तो आता विचार बदलेल. मलाही मनातून ते हवं होतं, हे मी नाकारत नाही. पण तो म्हणाला, "बाबा, मले आज चांगलं वाटलं. खरंच. पण माझ्या लॅबमध्ये येणारा माणूस भ्यायलेला असते. रिपोर्टमध्ये काय निघते म्हणून. त्याले गोंडली नाच माहीत नाही, परशुराम माहीत नाही. त्याले गोंधळ म्हणजे गडबड एवढंच समजते. तो कागद हातात घेईन अन् खाली माझं नाव वाचीन. मी त्याले अर्थ समजावत बसू का?"

बाबांनी चहा संपवला. "नाही. बरोबर आहे तुझं."

"मग तुम्ही एवढं शोधायला काहून लावलं?"

"मले माहीत नव्हतं म्हणून," बाबा म्हणाले. "तुले थांबवायचं असतं तं तसं सांगितलं असतं."

आईनं कप खाली ठेवला. ती म्हणाली, "मी तं लग्न झालं तसं बदललं बाप्पा. पहिलं काय होतं, नंतरचं काय, कोणी अर्थ विचारला नाही. हिनं पण बदललं. आमच्यासाठी नाही कोणी भिवापूरले गेलं."

हे तिनं तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. ती हसत होती. पण भाऊ गाडीकडे जाता जाता थांबला आणि म्हणाला, "तुझं माहेरचं आडनाव काय होतं, आई? म्हणजे त्याचा अर्थ?" आईनं ते सांगितलं, पण अर्थ तिलाही ठाऊक नव्हता. पुढचा सगळा रस्ता ती आपल्या वडिलांच्या गावाबद्दल बोलत होती. आम्ही कुणी कधी एवढं विचारलं नव्हतं, त्यामुळे तिच्याजवळ पुष्कळ साठलेलं होतं.

भावानं आजोबांच्या मूळ गावाच्या नावाला 'कर' लावून नवं आडनाव घेतलं. सरकारी सोपस्कार झाले. जातीच्या दाखल्यावर जुनं नाव, पदवीवर जुनं नाव, त्यामुळे त्याला बरेच दिवस प्रत्येक ठिकाणी दोन्ही नावं समजावून सांगावी लागली. राजपत्रात बदल छापून आला त्या दिवशी तो घरी आला आणि बाबांना दाखवला. मी तिथेच होते. बाबांनी चष्मा लावून नवं नाव मोठ्यानं वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं.

"चांगलं वाटते ऐकायले," ते म्हणाले.

भाऊ त्यांच्या शेजारी बसला. "बाबा, वाईट वाटलं का?"

"वाटलं थोडं," बाबा म्हणाले. "वाटणारच नं गा. पण ते माझं मी पाहतो."

भावानं त्यांच्या पायावर हात ठेवला.  आई चहा घेऊन आली.

लॅब सुरू झाली, बोर्ड लागला, लोक येऊ लागले. नव्या नावावर कुणी अडखळत नाही, आणि भावाला हवं होतं ते मिळालं. मला आधी वाटायचं की यात काहीतरी हरवलं. आता तसं एवढ्या ठामपणे वाटत नाही. जे आम्हाला कधी माहीतच नव्हतं ते या निमित्तानं थोडं माहीत झालं, आणि ते कळायला आडनाव टाकायची वेळ यावी लागली. असं उलटं का होतं, मला सांगता येणार नाही. बहुतेक वस्तू घरात असेपर्यंत आपण तिच्याकडे बघत नाही.

बाबांनी स्वतःचं नाव तेच ठेवलं आहे. मध्यंतरी मी त्यांना पेन्शनच्या कामासाठी बँकेत घेऊन गेले. खिडकीमागे एक तरुण मुलगी होती. तिनं आडनाव विचारलं, बाबांनी सांगितलं, आणि तो ओळखीचा अर्धा क्षण आला. तिच्या तोंडाचा कोपरा हलला. पूर्वी बाबा अशा वेळी दुसरीकडे बघायचे. आता ते खिडकीवर कोपरं टेकवून पुढे झाले.

"तुले माहीत आहे का बेटा, हे कोठून आलं?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. बाबांनी सुरुवात केली, राजापासून. मग रानातली बाई, मग तो कानडी शब्द, मग पुस्तकवाल्यांचं कसं एकमत नाही ते. परशुरामाची कथाही त्यांनी सोडली नाही, म्हणजे भिवापूरवाल्यावर अन्याय नको. मागे रांग वाढत होती. एक गृहस्थ घड्याळ बघत होते, त्यांच्या मागच्या बाई मात्र वाकून ऐकत होत्या. मी बाबांच्या बाहीला हात लावला. त्यांनी तो अलगद बाजूला केला.

"मग खरं कोणतं, काका?" मुलीनं विचारलं.

"ते अजून पाहून राहिलो," बाबा म्हणाले, आणि सही करायला पेन मागितलं.